समुद्रातून खिंडीत: हुदहुदचे चाळीस तास

नेपाळच्या मनांग आणि मुस्तांग या दोन जिल्ह्यांच्या मध्ये थोरोंग ला नावाची खिंड आहे. उंची ५,४१६ मीटर. अन्नपूर्णेला वळसा घालणारी जगप्रसिद्ध पायवाट याच खिंडीतून पलीकडे उतरते आणि थेट मुक्तिनाथला पोचते. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी या खिंडीत आणि आसपासच्या खोऱ्यांत हिमवादळ येऊन आणि हिमकडे कोसळून किमान ४३ माणसं मेली. नेपाळच्या पदभ्रमणाच्या इतिहासात इतकी मोठी दुर्घटना त्याआधी झाली नव्हती.

ते वादळ आलं होतं विशाखापट्टणमहून. नकाशा काढून पाहा, थोरोंग ला विशाखापट्टणमच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, साधारण बाराशे किलोमीटरवर. चक्रीवादळाची आणि बर्फाच्या खिंडीची गाठ पडेल हे आपल्या मनात सहसा येत नाही. ते कुणाच्याच मनात आलं नाही, म्हणून मी हे तास एकेक करून मांडतो आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार, दुपारी १२ ते १

हुदहुद चक्रीवादळ जमिनीवर आलं. अंदमानच्या समुद्रात ७ तारखेला तयार झालेला हा कमी दाबाचा पट्टा ८ तारखेला चक्रीवादळ झाला. ओमानने सुचवलेलं नाव त्याला मिळालं. १० तारखेला तो अतितीव्र वर्गात गेला. किनाऱ्यावर येताना वाऱ्याचा वेग ताशी १७० ते १८० किलोमीटर होता. विशाखापट्टणमच्या विमानतळाचं छत उडालं, शहरातली वीज गेली, फोन गेले, वादळावर नजर ठेवणारं रडारही जायबंदी झालं.

भारतीय हवामान खात्याचं काम मात्र चोख होतं. वादळ कुठे आणि केव्हा धडकणार हे काही दिवस आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे किनाऱ्यावरून लाखो लोक हलवता आले. पुढे छत्तीसगड, पूर्व मध्य प्रदेश, पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारपर्यंत पाऊस जाईल हेही खात्याच्या इशाऱ्यांत होतं. म्हणजे वादळाची दिशा ठाऊक होती, आणि त्या दिशेला पुढे हिमालय आहे हे तर शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं.

त्याच दुपारी मनांगमध्ये, ३,५०० मीटरवर, देशोदेशींचे ट्रेकर विरळ हवेची सवय करून घेत होते. ऑक्टोबर हा त्या वाटेचा सोन्याचा महिना. पावसाळा संपलेला, आभाळ धुतल्यासारखं, दशैं नुकतंच झालेलं, तिहार दहा दिवसांवर. सगळ्या धर्मशाळा, सगळी चहाची दुकानं भरलेली. या वाटेवर तंबू लागत नाही, मुक्कामाला घरं आहेत, जेवायला डाळभात आहे. त्यामुळे तेव्हा कितीतरी लोक वाटाड्या न घेताच येत. मुक्कामाला छप्पर आणि गरम जेवण मिळत असलं की आपण पाच हजार मीटरवर चाललो आहोत याचा विसर पडतो.

१२ ऑक्टोबर, रात्र

जमिनीवर आल्यावर चक्रीवादळाचं इंधन संपतं. गरम समुद्राची वाफ मिळेनाशी होते आणि डोंगर, झाडं, इमारती वाऱ्याला अडवतात. संध्याकाळपर्यंत हुदहुद एक पायरी उतरलं, मध्यरात्रीच्या सुमारास आणखी एक. वृत्तवाहिन्यांसाठी इथून पुढे बातमी राहिली ती फक्त आंध्रच्या पडझडीची आणि मदतकार्याची.

पण वारा मंदावला म्हणून पाणी कमी झालं असं होत नाही. बंगालच्या उपसागरातून उचललेली अफाट वाफ त्या विरत चाललेल्या भोवऱ्यात अजून होती. वादळाचा वर्ग वाऱ्याच्या वेगावरून ठरतो, पाण्याच्या साठ्यावरून नाही. म्हणून ‘तीव्रता घटली’ हे वाक्य ऐकणारा निर्धास्त होतो, आणि ढगांतलं पाणी मात्र उरलेलंच असतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार, सकाळ

हुदहुद आता खोल कमी दाबाचं क्षेत्र होऊन छत्तीसगडवरून उत्तरेकडे सरकत होतं. मी राहतो ते भोपाळ त्याच्या वाटेच्या बरंच पश्चिमेला राहिलं. इथे कोलार रोडवर राहणाऱ्यांना त्या दोन दिवसांत घाबरण्यासारखं काही नव्हतं. मात्र या गोष्टीतलं दुसरं पात्र आम्ही दर हिवाळ्यात पाहतो. पौष-माघात अचानक आभाळ भरून येतं, कोलार धरणाच्या बाजूला सीहोर जिल्ह्यातल्या हरभऱ्यावर आणि गव्हावर मावठा पडतो, एखाद्या वर्षी गारा पडतात आणि उभं पीक आडवं होतं. हा पाऊस भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांचा. वरच्या थरातल्या पश्चिमेच्या वाऱ्यांत पडलेली ही एक लाट असते. ती हिमालयात बर्फ टाकते आणि तिचं शेपूट मध्य भारताला लागतं.

त्या आठवड्यात अशीच एक लाट पश्चिमेकडून येत होती. दक्षिणेकडून हुदहुदची वाफ आणि पश्चिमेकडून थंड, वर खेचणारी हवा. दोघांची गाठ नेपाळवर पडली. हुदहुद एकटं असतं तर तराईत आणि पोखऱ्याच्या बाजूला मुसळधार पाऊस देऊन बहुधा निवलं असतं. लाटेने त्याला ओढून घेतलं आणि वर चढवलं.

एक गोष्ट इथे थांबून सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुस्तांग आणि मनांगचा वरचा भाग वाळवंट आहे. अन्नपूर्णा ८,०९१ मीटर, धौलागिरी ८,१६७ मीटर. या दोन भिंतींमागे मोसमी ढग फारसे पोचत नाहीत. पोखऱ्याजवळच्या लुम्ले गावी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि डोंगर ओलांडला की जोमसोमला तीनशेच्या आत. महाबळेश्वरचा पाऊस आणि म्हसवड-दहिवडीची कोरड ज्याने एकाच दिवसाच्या प्रवासात पाहिली आहे त्याला पर्जन्यछाया म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. इथे फक्त सह्याद्रीच्या जागी आठ हजार मीटरची शिखरं आहेत. म्हणून तिथली घरं मातीची, सपाट धाब्याची. डोंगर उघडे, मातकट, पिवळे. दुपारी काली गंडकीच्या खोऱ्यातून असा वारा सुटतो की जोमसोमची विमानं सकाळीच उडतात.

या कोरडेपणावर सगळ्यांचा भरवसा होता, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. ऑक्टोबरात त्या भागात बहुतेक दिवस खरोखरच कोरडे असतात. वाटेवर खुणेचे खांब आहेत, पण दोन-तीन फूट बर्फात वाट कशी ओळखायची याचा विचार तिथे सहसा करावा लागत नाही. पोर्टर साध्या कॅनव्हासच्या बुटांत पंचवीस-तीस किलो ओझं घेऊन खिंड ओलांडतात आणि त्याच दिवशी मुक्तिनाथला पोचतात.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ

भारतीय हवामान खात्याच्या नोंदीत हुदहुद आणखी एक पायरी उतरलं. आता ते फक्त ‘कमी दाबाचं क्षेत्र’ होतं, त्याला चक्रीवादळ म्हणायचं कारणच उरलं नव्हतं. त्याच सुमारास खिंडीखालच्या थोरोंग फेदी आणि तिच्या वरच्या हाय कॅम्प या मुक्कामांत, ४,५०० ते ४,९०० मीटरच्या दरम्यान, बर्फ भुरभुरायला लागला.

त्या मुक्कामांत ती संध्याकाळ कशी असते हे तिथे राहून आलेला कुणीही सांगेल. एक मोठी खोली, मधोमध शेगडी, भोवती ओले मोजे वाळत घातलेले. लोक लसणाचं सूप पितात, डोकं दुखतंय का ते एकमेकांना विचारतात, आणि उद्या किती वाजता निघायचं यावर बोलतात. बाहेर पडणारा बर्फ बहुतेकांना शोभेचा वाटतो. हिमालयात आलो आणि बर्फ दिसला, याचा आनंदच होतो. ज्यांच्याबरोबर गाईड होते त्यांतले काही चिंतेत पडले, पण गाईडच्या हातातही आपल्या डोळ्यांपलीकडे काही नव्हतं. काठमांडूहून, दिल्लीहून, विशाखापट्टणमहून तिथवर कुठलीच बातमी पोचत नव्हती. नेपाळच्या हवामान विभागाकडे अंदाज होते. पण ते या शेगडीपर्यंत आणण्याचं काम कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं.

ज्या शहरात मी राहतो, तिथे हे वाचताना माणूस अडखळतो. इथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्याच्या धोक्याबद्दल पत्रकार राजकुमार केसवानींनी १९८२ पासून लिहिलं होतं. त्या कारखान्यातून विषारी वायू सुटला त्या २ डिसेंबर १९८४ च्या रात्री शेजारच्या जयप्रकाश नगरात झोपलेल्या माणसाला त्यातलं काहीही कळवण्याची सोय नव्हती. वायू आणि बर्फ यांत काही साम्य नाही. साम्य आहे ते माहिती असणाऱ्यात आणि मरणाऱ्यात पडलेल्या अंतराचं, आणि ते अंतर ओलांडून द्यायला कुणी नेमलेलं नसतं याचं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार, पहाटे ३ ते ५

कपाळावर दिवे बांधून माणसं निघाली.

इतक्या पहाटे का? कारण खिंडीत दहानंतर वारा सुटतो. शहाणा माणूस त्याआधी खिंड पार करतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला हा नियम आहे आणि वर्षातले बहुतेक दिवस तो जीव वाचवतो. त्या दिवशी त्याच नियमाने शेकडो माणसांना वादळाचा जोर वाढत असताना वाटेच्या सर्वात उंच जागी नेऊन ठेवलं. त्यांना बेफिकीर म्हणणं मला पटत नाही. त्यांनी तिथली रीत पाळली होती.

बर्फ रात्रभर पडत होता. काही जण दार उघडून, बाहेर पाहून पुन्हा अंथरुणात शिरले. काही जण थोडं चढून परत फिरले. बाकीचे पुढच्याच्या पावलांत पाऊल टाकत गेले. पुढे कुणीतरी चाललं आहे म्हणजे वाट ठीक असेल, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि सर्वात पुढच्याला मागे एवढी रांग आहे याचा धीर होता.

यात्रेची तिकिटं, परतीचं विमान, आखलेले दिवस यांचाही दाब असतोच. आमच्याकडून मुक्तिनाथला जाणारी मंडळी बहुधा पोखऱ्याहून जोमसोममार्गे, दुसऱ्या बाजूने जातात, खिंड चढत नाहीत. पण देव्हाऱ्यात शाळिग्राम असलेल्या घराला गंडकी परकी नसते. तो काळा दगड याच काली गंडकीच्या पात्रातला. मुक्तिनाथच्या १०८ धारांखाली न्हाण्याची इच्छा मनात धरलेली माणसं मी कितीतरी पाहिली आहेत. ठरवून निघालेल्याला मागे फिरणं किती जड जातं हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

१४ ऑक्टोबर, सकाळी ९ ते दुपारी १२

पुढचे लोक खिंडीत पोचले. तिथे प्रार्थनेच्या पताका आहेत, उंची लिहिलेली पाटी आहे आणि दगडी भिंतींचं एक छोटं चहाचं दुकान आहे. समुद्रसपाटीच्या मानाने प्राणवायू निम्म्याच्या आसपास. त्या दुकानात माणसं दाटीवाटीने शिरली, भिजलेली, थरथरणारी. जागा थोडी, शेगडी लहान, आणि दारातून नवे लोक येतच होते.

तिथे जो प्रश्न उभा राहिला त्याचं सोपं उत्तर नव्हतं. थांबायचं तर रात्रभर, गर्दीत, अन्नपाण्यावाचून, ५,४०० मीटरवर. उतरायचं तर पलीकडे मुक्तिनाथ, १,७०० मीटर खाली, दहा किलोमीटर. चांगल्या हवेत हा उतार चार तासांचा. आत्तापर्यंत चढच कठीण म्हणून ऐकलेलं, आणि तो तर संपला होता. खाली ऊब होती, जेवण होतं, फोन होता. बरेच जण उतरायला निघाले.

काही जण दुकानातच राहिले. झोपायचं नाही, झोपलो तर गारठून जाऊ, असं एकमेकांना बजावत त्यांनी ती रात्र काढली आणि ते जगले.

१४ ऑक्टोबर, दुपारी १ ते ५

मृत्यू मुख्यतः या उतारावर झाले. बर्फ कमरेपर्यंत आला होता, काही जागी त्याहून वर. काही ठिकाणी बारा तासांत जवळजवळ सहा फूट पडला असं नंतर सांगितलं गेलं. खुणेचे खांब दिसेनासे झाले. आभाळ, हवा आणि जमीन एकाच रंगाची झाली की उतार कुठल्या बाजूला आहे हेही पायाला कळत नाही. वाऱ्याने पुढच्याची पावलं मिनिटभरात बुजत होती. बाजूच्या उतारांवरून ताजा बर्फ घसरून येत होता, त्याखाली काही जण गाडले गेले.

बाकीच्यांना गारठ्याने नेलं. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हातांना काम जमेनासं होतं. चेन लागत नाही, बाटलीचं झाकण उघडत नाही. आणखी खाली, साधारण ३२ च्या आसपास, थरथर थांबते. माणसाला वाटतं आता बरं वाटतंय. बोलणं अडखळतं, निर्णय चुकतात, जरा बसावं असं वाटतं. शेवटी शेवटी काहींना उकडायला लागतं आणि ते अंगावरचे कपडे काढतात. शेजारी चालणाऱ्याला हे ओळखता आलं तर त्याला हलवता येतं, धरून चालवता येतं. पण शेजारच्याचा मेंदूही तितकाच गारठलेला असतो.

ज्यांच्या अंगावर पिसांची जाकिटं होती तेही यातून सुटले नाहीत, आणि ज्यांच्या अंगावर साधा स्वेटर होता त्यांचा तर प्रश्नच नव्हता. मेलेल्यांत साधारण निम्मे नेपाळी होते: गाईड, पोर्टर, स्वयंपाकी, याक राखणारे. जगभरच्या वर्तमानपत्रांनी इस्राएल, कॅनडा, पोलंड, भारत इथल्या मृतांच्या कहाण्या छापल्या, ते रास्तच होतं. ओझं वाहणाऱ्यांची नावं यादीत शेवटी आली. गिऱ्हाईक पुढे निघाल्यावर पोर्टरला मागे थांबता येत नाही. त्याची मजुरी पाठीवरच्या ओझ्यात असते. खिंड ओलांडायची की नाही हे त्याला कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या घटनेतली सर्वात संतापजनक गोष्ट हीच आहे.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ

सहाच्या आधीच अंधार पडला. जे खालच्या झोपड्यांपर्यंत पोचले ते वाचले. मुक्तिनाथमध्ये काही जण रांगत, काही जण दुसऱ्याच्या खांद्यावर आले. बोटं काळीनिळी पडलेली. वर कितीजण आहेत हे कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण खिंडीत कोण गेलं याची नोंद ठेवणारी जागाच नव्हती. परवाना खाली तपासत, खिंडीच्या तोंडाशी नाही.

त्याच दिवशी धौलागिरीच्या तळछावणीवर हिमकडा कोसळून दोन स्लोव्हाक गिर्यारोहक आणि तीन नेपाळी गाईड गेले होते. मनांगच्या उत्तरेला नार-फू खोऱ्यातही कॅनडाचे ट्रेकर आणि याकपाळ बर्फाखाली गेले. तिथली बातमी बाहेर यायला आणखी दिवस लागले.

आणि हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे, त्याच संध्याकाळी हुदहुद पूर्व उत्तर प्रदेशात जवळजवळ विरून गेलं.

१५ ऑक्टोबर आणि पुढे

बुधवारी आभाळ मोकळं झालं. नेपाळी सेनेची आणि खाजगी हेलिकॉप्टरं उडाली. बर्फात वर आलेला हात, पिशवीचा पट्टा, रंगीत कापड शोधत सैनिक आणि गावकरी फिरले. पुढच्या काही दिवसांत पाचशेच्या आसपास माणसं सुखरूप उतरवली गेली. हा आकडा ४३ च्या शेजारी ठेवायला हवा, कारण मुक्तिनाथ, मनांग आणि फेदीच्या साध्या माणसांनी त्यासाठी आपली घरं, चुली आणि अंथरुणं उघडली होती.

पंतप्रधान सुशील कोइराला यांनी पूर्वसूचनेची व्यवस्था उभारण्याचं आश्वासन दिलं. वाटाड्याशिवाय ट्रेकिंग नको, अशी मागणी तेव्हा जोरात झाली. परदेशी ट्रेकरला गाईड सक्तीचा करणारा नियम आला १ एप्रिल २०२३ पासून. गाईड हवाच, पण गाईडच्या कानावर बातमी पडली नाही तर तोही पहाटे तीनला दिवा बांधून निघणारच.

खरं तर नवीन काहीच घडलं नव्हतं. ९ नोव्हेंबर १९९५ ला एक चक्रीवादळ ओडिशातल्या गोपालपूरजवळ किनाऱ्याला लागलं, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांतच एव्हरेस्टच्या बाजूला गोक्यो खोऱ्यात पांगा इथे हिमकडा कोसळून जपानी ट्रेकरांचा अख्खा गट आणि त्यांचे नेपाळी सोबती गेले. १२ ऑक्टोबर २०१३ ला, हुदहुदच्या बरोबर एक वर्ष आधी, त्याच तारखेला फायलिन चक्रीवादळ गोपालपूरला आलं आणि त्याचा पाऊस बिहार-नेपाळपर्यंत गेला. बंगालच्या उपसागरात वादळं जास्त होतात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात. हिमालयात पायी हिंडायला सर्वात चांगले महिनेही ऑक्टोबर-नोव्हेंबर. दोन्ही गोष्टी दोन वेगळ्या दालनांत, दोन वेगळ्या देशांत, दोन वेगळ्या प्रकारच्या माणसांना ठाऊक होत्या.

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यापासून थोरोंग फेदीच्या पहाटेपर्यंत चाळीस तास मिळाले होते. फेदीहून मनांगला परत उतरायला एक दिवस पुरतो.